ॲपच्या पटलाची बांधणी : वर्णनात्मक व पारंपरिक साधनसंचांची चिकित्सा

प्रस्तावना :
मोबाइल ॲपचे पटल, म्हणजे वापरकर्त्याला दिसणारी बटणे, रकाने व याद्या, बांधण्याच्या दोन पद्धती आज प्रचलित आहेत. अँड्रॉइडची व्ह्यू-प्रणाली व आयफोनसाठीचे यूआयकिट हे पारंपरिक साधनसंच होत. त्यांत माहिती बदलली की पटलावरील घटकांत प्रोग्रामरला स्वतः बदल घडवावे लागतात. २०१९ मध्ये जाहीर झालेले स्विफ्टयूआय आणि २०२१ मध्ये पहिली स्थिर आवृत्ती आलेले जेटपॅक कंपोज हे डिक्लरेटिव्ह, म्हणजेच वर्णनात्मक, साधनसंच आहेत. माहितीच्या विशिष्ट स्थितीत पटल कसे दिसावे, एवढेच त्यांत लिहावयाचे असते. ही पद्धत कमी ओळींत काम करते, म्हणून ती सोपी व श्रेष्ठ, असा समज रूढ आहे. प्रस्तुत लेखात या समजाची चिकित्सा केली आहे.

विवेचन :
वर्णनात्मक पद्धतीचा लाभ निर्विवाद आहे. किराणा मागविण्याच्या ॲपमध्ये निवडलेल्या वस्तूंची संख्या तीन ठिकाणी दाखवावयाची असेल, तर पारंपरिक पद्धतीत तिन्ही ठिकाणे आठवणीने बदलावी लागतात. त्यांपैकी एक जरी राहिले, तरी पटल व माहिती यांत विसंगती निर्माण होते. नव्या पद्धतीत तिन्ही ठिकाणे एकाच स्थितीवरून रेखाटता येतात.

तथापि, येथे जबाबदारी नाहीशी होत नाही. ती केवळ स्थानांतरित होते. शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना फोन आडवा केला, तर अँड्रॉइड सामान्यतः पटल नव्याने उभारते. व्ह्यू-प्रणालीत रकान्याला ओळखनाम दिलेले असल्यास त्यातील मजकूर आपोआप जतन होतो. कंपोजमध्ये तोच मजकूर केवळ ‘रिमेंबर’मध्ये ठेवल्यास नष्ट होतो, त्यासाठी ‘रिमेंबरसेव्हेबल’ किंवा व्ह्यूमॉडेल योजावे लागते. तसेच, यादीतील ओळींना स्वतंत्र ‘की’ न दिल्यास ओळीची स्थिती तिच्या क्रमाशी बांधली जाते. परिणामी, क्रम बदलताच एका ओळीवरील खूण दुसऱ्याच ओळीवर दिसू शकते.

दुसरा मुद्दा वितरणाचा. स्विफ्टयूआय हा कार्यप्रणालीचाच भाग असल्याने त्यातील २०२२ चा ‘नॅव्हिगेशनस्टॅक’ आयओएस १६ पूर्वीच्या फोनवर चालत नाही. याउलट कंपोज ही ॲपसोबत जाणारी लायब्ररी असल्याने तिच्या सुधारणा बऱ्याच जुन्या फोनांपर्यंतही पोहोचतात. म्हणजेच, दोन्ही साधनसंच वर्णनात्मक असले तरी वापरकर्त्यांच्या हाती जुने फोन असतील तेव्हा त्यांची उपयुक्तता सारखी राहत नाही.

समारोप :
सारांश, ओळींची संख्या हा निवडीचा अपुरा निकष आहे. स्थिती कोठे राहते, ती कोण जतन करतो आणि वापरकर्त्याचा फोन कोणता, हे तीन प्रश्न आधी विचारले पाहिजेत. सुस्थितीत चालणारे ॲप केवळ नावीन्यासाठी पुन्हा लिहिणे समर्थनीय नाही. ‘कंपोजव्ह्यू’ व ‘यूआयहोस्टिंगकंट्रोलर’ यांच्या साहाय्याने जुन्या ॲपमध्ये नवी पटले क्रमाक्रमाने आणता येतात. नव्या ॲपसाठी मात्र वर्णनात्मक पद्धतीला प्राधान्य देणे योग्य ठरेल. परंतु ती शिकविताना पटलाच्या मांडणीपूर्वी स्थितीचा विचार शिकविला गेला पाहिजे. अन्यथा अर्ज भरणाऱ्या विद्यार्थ्याचा मजकूर पुसला जाईल आणि त्याचे कारण प्रोग्रामरलाही उमगणार नाही.