झाडीपट्टीचा नट आणि संघाची सनद

शासनाच्या अनुदानाविना, शहरी समीक्षेच्या पाठबळाविना आणि नाट्यगृह नावाच्या इमारतीवाचूनही जिचा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे अशी रंगभूमी महाराष्ट्रात पाहावयाची झाल्यास वैनगंगेच्या खोऱ्यात, चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा व गोंदिया या जिल्ह्यांच्या धानपट्ट्यात, म्हणजे झाडीपट्टीत, जावे लागते. धान घरात आले, दिवाळी सरली आणि गावोगाव मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरू लागली, की झाडीपट्टीचा नाट्यहंगाम सुरू होतो, तो होळीच्या सुमारास आटोपतो. दंडार, खडी गंमत, डहाका या लोककलांच्या मुळावर वाढलेली आणि संगीत नाटकाचा संस्कार आपल्या परीने पचविलेली ही रंगभूमी रात्री दहा-अकराला पडदा वर करते व पहाटेपर्यंत हजारो माणसांना मांडवात बसवून ठेवते. या रंगभूमीचे नट, गडचिरोलीचे परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली, आदल्या वर्षी तिच्यावरचा ‘झॉलीवूड’ हा मराठी चित्रपट आला, आणि उर्वरित महाराष्ट्राचे लक्ष थोडेसे तिकडे वळले.

परंतु हे लक्ष कौतुकापुरतेच राहिले. या रंगभूमीविषयी लिहिताना कोणी तिच्या लोकाश्रयाचा गौरव करतो, कोणी तिच्यातील भडक कौटुंबिक कथानकांना, लांबलेल्या विनोदी प्रवेशांना व ओढूनताणून आणलेल्या लावणीला नाक मुरडतो. मात्र हे दोष कोठून उपजतात, याचा विचार क्वचितच होतो. माझ्या मते त्यांतील निम्मे दोष लेखणीचे नसून मजुरीच्या रीतीचे आहेत. नटाला मोबदला मिळतो तो प्रयोगागणिक, म्हणजे ‘नाइट’वर. तालमीचे दिवस बहुधा हिशेबात धरले जात नाहीत, आणि हंगाम चार-पाच महिन्यांचाच, तेव्हा मिळेल ती रात्र पदरात पाडून घेणे नटास भाग पडते. आज एका नाटकात बाप, उद्या पन्नास कोसांवर दुसऱ्या नाटकात खलनायक, अशी धावपळ करणाऱ्याचे पाठांतर कच्चे राहिले आणि विंगेतल्या प्रॉम्प्टरच्या आवाजावर प्रवेश पेलावा लागला, तर तो दोष त्याच्या प्रतिभेच्या माथी मारणे अन्यायाचे होईल.

या व्यवहाराचे केंद्र गडचिरोली जिल्ह्यातील वडसा, म्हणजे देसाईगंज. येथे नाट्यसंस्थांची दप्तरे आहेत. दारावर संस्थेच्या नावाची पाटी, भिंतीवर नटनट्यांच्या छबींची रंगीत भित्तिपत्रके, आणि मेजावर ती वही, जिच्यावर सबंध हंगाम अवलंबून असतो. मंडईची किंवा शंकरपटाची, म्हणजे बैलांच्या शर्यतींची, तिथी ठरली की गावच्या मंडळाची चार माणसे येतात, नाटक कोणते, नटी कोण, विनोदी नट कोण, याची घासाघीस होते, इसारा दिला जातो आणि वहीत तारीख पडते. पूर्वी गावचीच पोरे नाटक बसवीत व नट्या तेवढ्या बाहेरून आणीत; पुढे रंगमंच, पडदे, ध्वनी, प्रकाश आणि पात्रे सर्व पुरविणाऱ्या संस्था उभ्या राहिल्या, आणि हौशी कलेचा बघताबघता धंदा झाला. धंदा झाला यात मला वावगे काही वाटत नाही; शेकडो घरांची चूल त्यावर पेटते. वावगे आहे ते हे, की गावचे मंडळ व संस्था यांच्यात निदान वहीतील नोंद असते, पण संस्था आणि तबलजी, ऑर्गनवादक, पडदेवाला किंवा नागपुराहून आलेली नटी यांच्यात पुष्कळदा केवळ तोंडी शब्द असतो. पाऊस आला, प्रयोग मोडला, तर त्या रात्रीचे पैसे कोणाचे? जंगलातील रस्त्यावर रात्री गाडी उलटली, तर औषधपाणी कोणी करावयाचे? 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली, तेव्हा शंकरपटाबरोबर होणाऱ्या नाटकांनाही धक्का बसला. 2020 चा हंगाम महामारीने गिळला. दोन्ही वेळा कलावंतांच्या वतीने हक्काने बोलेल असे बळकट मंडळ कोठे होते?

असा प्रश्न ज्यांनी पूर्वी सोडवू पाहिला, त्यांच्याकडे पाहणे उपयुक्त ठरेल. क्रांतिपूर्व रशियात ईस्टरपूर्वीच्या उपवासाच्या दिवसांत मुलुखभरचे नट मॉस्कोस जमत व पुढील हंगामाचे करार तेथे ठरत. वडशाच्या वहीशी या बाजाराचे नाते सहज ओळखू येते. क्रांतीनंतर 1919 मध्ये ‘रबिस’ हा कलाकामगारांचा अखिल रशियन संघ स्थापन झाला, आणि त्याने नट, वादक, चित्रकार, सर्कशीतील कसरतपटू व पडदे ओढणारा कामगार यांना एकाच सभासदत्वाखाली आणले. कलेचे श्रम हेही श्रम होत आणि त्यांना सामुदायिक करारनामा, विमा व विश्रांती यांचा अधिकार आहे, हे तत्त्व सरकारदरबारी मान्य होणे ही सामान्य गोष्ट नव्हती.

मात्र कम्युनिस्ट पक्षाच्या 23 एप्रिल 1932 च्या निर्णयाने स्वतंत्र साहित्यसंस्था बरखास्त झाल्या, कलेच्या प्रत्येक शाखेसाठी एकेक अधिकृत संघ उभारण्याचे ठरले, आणि पुढे घर, आरोग्यधाम, निवृत्तिवेतन यांच्या किल्ल्याही या संघांच्या हाती गेल्या. कृती पसंत पडली तर भाकरी, नापसंत पडली तर भाकरीही नाही, अशी सांगड पडली. 1946 मध्ये ॲना अख्मातोवा व मिखाईल झोश्चेन्को यांना लेखकसंघातून काढले, त्याबरोबर त्यांच्या शिधापत्रिकाही गेल्या. मेयरहोल्डचे नाट्यगृह 1938 च्या जानेवारीत बंद झाले आणि 1940 च्या फेब्रुवारीत त्या थोर दिग्दर्शकास गोळी घालण्यात आली. त्याला वाचविण्याचे बळ कोणत्याही संघात उरले नव्हते. याउलट पोलंडमध्ये 1981 च्या डिसेंबरात लष्करी कायदा पुकारला गेला, तेव्हा नटांनी सरकारी दूरचित्रवाणीवर काम करण्याचे नाकारले, आणि 1918 पासूनची त्यांची संघटना शासनाने पुढील वर्षी मोडून टाकली. जो संघ मोडावा लागतो तोच संघ या नावास पात्र असतो, असे म्हणण्याचा मोह होतो.

आपल्याकडे 1943 मध्ये मुंबईत ‘इप्टा’ ही जननाट्य संघटना स्थापन झाली, तेव्हा तिचे पहिले अध्यक्षपद कामगारनेते ना. म. जोशी यांच्याकडे गेले. दुसऱ्याच वर्षी अण्णा भाऊ साठे, अमर शेख व गवाणकर यांचे लाल बावटा कलापथक निघाले. गिरणी कामगाराच्या संपासाठी या शाहिरांनी रक्त आटविले, पण शाहिराच्या स्वतःच्या मजुरीचा प्रश्न त्या चळवळीच्या पत्रिकेवर फारसा आला नाही. गडचिरोलीच्या अरण्यात पुढे माओवादी पक्षाने ‘चेतना नाट्य मंच’ उभारला, आणि शासनानेही जनजागरणाच्या मेळाव्यांतून कलापथके नाचविली. दोघांनाही कलावंत हवा होता तो आपला निरोप्या म्हणून. त्याच्या म्हातारपणाची तजवीज कोणाच्या जाहीरनाम्यात नव्हती. राज्य शासनाची ज्येष्ठ कलावंतांना मानधन देण्याची योजना 1954-55 पासून चालू आहे व 2024 मध्ये ती रक्कम सरसकट महिना पाच हजार रुपये झाली, हे स्वागतार्ह आहे. परंतु मानधन म्हणजे वृद्धापकाळी मिळालेला प्रसाद, चालू श्रमाचा हक्क नव्हे.

म्हणून झाडीपट्टीत संघ व्हावा, आणि तो भाकरीपुरताच असावा, असे माझे स्पष्ट मत आहे. संहिता कशी असावी, लावणी असावी की नसावी, यात त्याने लक्ष घालू नये. त्यासाठी संहिता तपासणारे शासनाचे परिनिरीक्षण मंडळ आहे आणि त्याहून कठोर असा मांडवातील प्रेक्षक आहे. संघाने लेखी करारनामा, तालमीचा मोबदला, मोडलेल्या प्रयोगाची भरपाई, प्रवासाचा विमा आणि नट्यांच्या सुरक्षित निवासाची व्यवस्था यांचा आग्रह धरावा. संस्थांचे मालक स्वतः बहुधा नटच असतात व तोट्याचा हंगाम तेही सोसतात, हे मी विसरत नाही. त्यांनी आपले वेगळे मंडळ जरूर करावे, पण मालक आणि मजूर एकाच सतरंजीवर बसून संघ होत नाही.

श्रमिक संघाच्या नोंदणीसाठी किमान सात जणांचा अर्ज लागतो. ही अट 1926 च्या कायद्यात होती व 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेतही कायम आहे. तिला सभासदसंख्येची जी जोड आहे, तीही वडशाला हंगामात जमणाऱ्या कलावंतांच्या आवाक्याबाहेरची नाही. वहीत पुढील तारखा पडण्यापूर्वी, पावसाळ्याच्या रिकाम्या दिवसांतच, त्यांनी हा अर्ज करावा.