भूमिका त्यांच्या, नट दुसरे

अपंग माणसाची भूमिका आणि राष्ट्रीय पुरस्कार यांचं आपल्याकडे जुनं सख्य आहे. ‘कोशिश’साठी संजीवकुमारना तो मिळाला, ‘स्पर्श’साठी नसीरुद्दीन शाहना. यातला ‘स्पर्श’ (१९८०) पुन्हा पाहावा. सई परांजपे यांनी अंधशाळेतली मुलं खरी घेतली, मुख्याध्यापक मात्र डोळस नट. नसीर यांचं काम उत्तम, त्याबद्दल दुमत नाही. तरी खरी माणसं गर्दीत आणि मुख्य भूमिका कसलेल्या नटाकडे, ही वाटणी इतक्या संवेदनशील दिग्दर्शिकेच्या चित्रपटातही दिसते.

मराठीत ‘चौकट राजा’तला (१९९१) दिलीप प्रभावळकरांचा नंदू आजही नटांना धडा म्हणून दाखवावा असा आहे. ‘यलो’ने (२०१४) वेगळी वाट धरली. डाऊन सिंड्रोम असलेल्या जलतरणपटू गौरी गाडगीळने स्वतःचीच भूमिका केली आणि राष्ट्रीय पुरस्कारांत तिचा विशेष उल्लेख झाला. हे मोठंच पाऊल. पण स्वतःची गोष्ट माणूस एकदाच करू शकतो. ‘सितारे जमीन पर’मध्ये (२०२५) दहा अपंग कलाकार काल्पनिक पात्रं रंगवतात, तरी कथेत बदलायचं आहे ते प्रशिक्षक झालेल्या आमिर खानला.

म्हणून मला सुधा चंद्रन यांची कारकीर्द सर्वांत बोलकी वाटते. १९८१च्या अपघातानंतर त्यांचा पाय कापावा लागला. जयपूर फूट बसवून त्या पुन्हा नाचल्या. तेलुगू ‘मयूरी’ आणि मग ‘नाचे मयूरी’त (१९८६) त्यांनी स्वतःलाच उभं केलं. पुढे २००१मध्ये ‘कहीं किसी रोज’ मालिकेत त्या रमोला सिकंद झाल्या. भल्यामोठ्या टिकल्या, भडक साड्या, अस्सल खाष्टपणा! कथेत पायाचा विषयच नव्हता. प्रेक्षकांनी त्यांचा मनसोक्त राग राग केला. एका नटीला याहून मोठा मान कोणता द्यायचा?

असे प्रसंग विरळाच. निर्माते म्हणतात, नाव असलेला नट नसेल तर पैसा उभा राहत नाही. पण संधीच न मिळालेल्याचं नाव व्हायचं कसं? जुलै २०२४मध्ये ‘आँख मिचौली’ चित्रपटाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अपंगांच्या चित्रणाबद्दल मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली; त्यांना निर्मितीत सहभागी करून घ्या, असंही सांगितलं. मात्र पात्रनिवड न्यायालयात होत नाही. व्हीलचेअरवरचा नट ऑडिशनच्या जिन्यापाशीच अडतो.

रंगभूमीवर स्वागत थोरात यांनी ‘अपूर्व मेघदूत’ दृष्टिहीन कलाकारांना घेऊन केलं. ही निवडच धाडसी. कालिदासाचं ते काव्य नजरेनं टिपलेल्या नद्या, डोंगर आणि नगरांनी भरलेलं, आणि यक्षाचं दुःख आंधळेपणाचं नव्हे, विरहाचं. अशा प्रयोगांबद्दल लिहिताना आम्ही समीक्षक ‘जिद्द’ या एका शब्दावर निभावून नेतो. यक्षाचा विरह पोचला का, दुसरा अंक रेंगाळला का, कुणाचं वाक्य पडलं, हे त्यांच्याही बाबतीत लिहायला हवं. इतर नटांना आम्ही कुठे सोडतो?