'अक्करमाशी' : शब्दाचे माप
बारा मासे म्हणजे एक तोळा. अकराच भरले तर सोने उणे. या मापावरून समाजाने अनौरस माणसाला 'अक्करमाशी' म्हटले. शरणकुमार लिंबाळे यांनी १९८४ साली तोच शब्द आपल्या आत्मकथनाचे नाव केला. पिता सवर्ण, माता दलित. उणेपण मात्र अपत्याच्या माथी. शिवीच ग्रंथनाम झाल्याने प्रश्न माणसाचा न राहता तराजूचा होतो. हे या ग्रंथाचे मोठे सामर्थ्य होय. तथापि तराजू खोटा ठरला तरी शब्द जुनाच उरतो, ही मर्यादाही आम्ही नोंदवितो.

सुत्तनिपातातील वसलसुत्त येथून पुढे जाते. अग्गिक भारद्वाजाने तथागतांना 'वसल', म्हणजे नीच, म्हणून हिणविले. तथागतांनी मापच बदलले: वसल जन्माने नव्हे, कर्माने ठरतो.

बाबासाहेबांनी १९२७ मध्ये 'बहिष्कृत भारत' काढले; १९५६ मध्ये त्यांच्या 'जनता' पत्राचे नाव 'प्रबुद्ध भारत' झाले. पहिले नाव अन्यायाचा पुरावा होते, दुसरे स्वतः निवडलेली ओळख. 'अक्करमाशी' वाचताना हा प्रवास ध्यानी असावा. पुरावा जपावा, त्यालाच आपले नाव मानू नये.