आरंभाचा प्रश्न आणि बीजाची प्रतिमा : फ्रेड हॉइल यांच्या कादंबरीच्या निमित्ताने

पृथ्वीवरील जीवसृष्टीचे बीज अंतराळातून आले, ही कल्पना विज्ञानाने मांडली आणि साहित्याने उचलली, असे सर्वसाधारणपणे गृहीत धरले जाते. फ्रेड हॉइल यांच्या बाबतीत हा क्रम उलटा आहे. त्यांची ‘द ब्लॅक क्लाउड’ ही कादंबरी १९५७ सालची. चंद्रा विक्रमसिंघे यांच्यासह लिहिलेला ‘लाइफक्लाउड’ हा सिद्धान्तग्रंथ १९७८ सालचा.

कादंबरीत सूर्याजवळ येऊन थांबलेला आंतरतारकीय मेघ सजीव आणि बुद्धिमान निघतो. ग्रहाच्या घन पृष्ठभागावर बुद्धी उपजावी, याचेच त्याला नवल वाटते. आपल्या जातीतील ‘पहिला’ कसा जन्मला, या प्रश्नावर तो ‘पहिला’ असलाच पाहिजे हे गृहीतकच नाकारतो. हॉइल यांनी १९४८ साली पुरस्कारलेल्या स्थिरस्थिती विश्वालाही आरंभ नाही. म्हणजे विश्वरचना आणि कथा यांचे आशयसूत्र एकच आहे.

बीजाच्या प्रतिमेची मर्यादा येथेच स्पष्ट होते. १८७१ साली लॉर्ड केल्व्हिन यांनी बीजवाहक उल्कांची कल्पना मांडली. परंतु बीजात जीवन आधीच सामावलेले असते. त्यामुळे ही प्रतिमा जीवनाच्या आगमनाचा उलगडा करते, उत्पत्तीचा नव्हे. भारतीय भाषांत ‘बीज’ या शब्दाला तत्त्वचिंतनाची दीर्घ परंपरा असल्याने ही उणीव सहज झाकली जाते. शब्दसाम्यालाच पुरावा मानण्याचा मोह तौलनिक अभ्यासकाने टाळावयास हवा.

या संदर्भात हॉइल यांचे शिष्य जयंत नारळीकर यांचा मार्ग उद्बोधक ठरतो. त्यांच्या सहभागाने हैदराबादहून २००१ आणि २००५ साली सोडलेल्या बलूनांनी ४१ किलोमीटर उंचीपर्यंतच्या हवेचे नमुने आणले. दुसऱ्या उड्डाणात आढळलेल्या तीन नव्या जिवाणू-प्रजाती २००९ साली जाहीर झाल्या. त्यांतील एकीला हॉइल यांचे नाव मिळाले. मात्र त्यांचे मूळ पृथ्वीबाहेरचेच, असा निर्णायक दावा इस्रोने केला नाही. बेन्नू या लघुग्रहाच्या नमुन्यांत अमिनो आम्ले आढळल्याचे २०२५ साली जाहीर झाले. ती जीवनाची सामग्री आहे, जीवन नव्हे.

कादंबरीच्या अखेरीस मेघाचे ज्ञान ग्रहण करू पाहणारा किंग्जली मृत्यू पावतो आणि मेघही अनुत्तरित प्रश्नाच्या शोधात निघून जातो. सिद्धान्तात हॉइल जितके निःशंक आहेत, तितके कादंबरीत नाहीत. म्हणूनच सिद्धान्त उद्या त्याज्य ठरला, तरी कादंबरीचे मोल उणावणार नाही. तिने उत्तर दिलेले नाही, प्रश्न जिवंत ठेवला आहे.