‘घरी बसणे’ आणि ‘घरी बसविणे’ : बेकारीविरोधी लढ्याच्या भाषेची एक मर्यादा

कामगार-चळवळीची चर्चा बहुधा मागण्या, संप आणि तडजोडी यांच्या अनुरोधाने होते. तिच्या भाषेकडे क्वचितच लक्ष जाते. वस्तुतः नोकरकपातीविरुद्धच्या लढ्याचे बळ आणि त्याची मर्यादा ही दोन्ही त्याच्या वाक्यरचनेत स्पष्ट दिसतात.

मुंबईतील १९२८ चा गिरणी-संप हे याचे ठळक उदाहरण होय. एप्रिल ते ऑक्टोबर असा सहा महिने चाललेल्या या संपाच्या मुळाशी मालकांची पुनर्रचनेची योजना होती. दोनऐवजी तीन माग एकेका विणकऱ्याकडे सोपविले की तिघांचे काम दोघांत भागते आणि तिसरा ‘घरी बसतो’. हे क्रियापद अकर्मक आहे. त्यात घटना आहे, पण ती घडविणारा नाही; पाऊस पडावा तशी बेकारी येते. या संपातून उभ्या राहिलेल्या गिरणी कामगार युनियनचे भाषिक कार्य हे की तिने या क्रियेला प्रयोजक रूप दिले. मजूर घरी बसत नाही, त्याला घरी ‘बसविले’ जाते. म्हणजेच बसविणारा कोणी असतो आणि त्याला जाब विचारता येतो. पुढे कायद्यानेही हीच रचना स्वीकारली. औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ साली आलेल्या कामगारकपातीच्या व्याख्येत सेवा संपविणारा कर्ता ‘मालक’ असाच निर्दिष्ट होता.

परंतु या भाषेत एक गृहीत दडलेले आहे : घर आणि कामाची जागा या दोन भिन्न गोष्टी आहेत. वैनगंगेकाठच्या पवनीत हे गृहीत टिकत नाही. तलम, रेशीमकाठी वस्त्रांसाठी हे गाव विसाव्या शतकाच्या आरंभीच सरकारी गॅझेटियरांत नोंदले गेले होते. येथील कोष्ट्याचा माग त्याच्या घरातच असे. १८७७ साली नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली आणि गिरणीच्या स्वस्त कापडाशी हातमागाला दाराशीच स्पर्धा करावी लागली. सूत महागले, गिऱ्हाईक तुटले, की धोटा थांबे. पण कोणी कोणाला काढले नव्हते. मस्टर नव्हते, म्हणून नावही कटले नाही. जो घरी बसूनच विणत होता, त्याला ‘घरी बसविले’ असे कोणत्या अर्थाने म्हणावे? त्याच्या तोंडी ‘माग बंद पडला’ हे कर्त्यावाचूनचेच वाक्य उरते. संप हे साधनही त्याला परके ठरते. कारण काम नाकारावे कोणाला, हा प्रश्न अनुत्तरितच राहतो.

ही अडचण घरकामाच्या स्वरूपातच आहे, असा आक्षेप येईल. तो ग्राह्य नाही. भंडारा जिल्ह्यातच विडी वळणाऱ्या स्त्रियाही घरी बसूनच काम करीत. सट्टेदार मध्ये उभा असल्याने खरा मालक दिसेनासा होई. तथापि १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने तंबाखू व पाने घेऊन घरी विड्या वळणाऱ्यांनाही कामगार मानले आणि सट्टेदाराच्या आड असलेल्या ‘मुख्य मालका’ला व्याख्येत ओढून आणले. कर्ता शोधला म्हणजे सापडतो, याचा हा पुरावा आहे. याउलट हातमागासाठी १९८५ साली झालेल्या कायद्याने काही वस्तू हातमागाकरिता राखून ठेवल्या. त्या वाक्याचे कर्म साडी आणि धोतर आहे, विणकर नव्हे. वस्त्राला संरक्षण मिळाले. विणणाऱ्याचे काम गेले तर उत्तरदायी कोण, हे मात्र अनुक्तच राहिले.

‘बेकार’ या मूळ फारसी शब्दाचा अर्थ ‘कामावाचूनचा’ एवढाच आहे. ‘कामावरून काढलेला’ असा नाही. कामगार-चळवळीने त्यातील दुसऱ्या गटाची बाजू समर्थपणे मांडली, हे तिचे श्रेय निर्विवाद होय. पण ज्यांचे काम कोणी काढून घेतल्याचे दिसत नाही, त्यांच्यासाठी तिला वाक्य रचता आले नाही. हा दोष केवळ शब्दांचा नाही. ज्या अन्यायाला कर्ता नाही, त्याविरुद्ध मागणीपत्र कोणाच्या नावे लिहावयाचे? पवनीच्या थांबलेल्या मागाने विचारलेला हा प्रश्न व्याकरणाचा आहे, तितकाच तो संघटनेचाही आहे.