ऑनलाइन पदवी आणि कुंपण
आपल्या बुलढाण्यातली बहुतेक कॉलेजं संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाला जोडलेली. १९८३ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाचं कार्यक्षेत्र पाच जिल्ह्यांचं. ऑनलाइन पदवीला असं कुंपण नाही. म्हणून प्रवेश वाढतील, तिजोरी भरेल, असं म्हणतात. पण कुंपण पडलं की ते दोन्ही बाजूंनी पडतं ना! मेहकरची मुलगी मोबाइलवरच शिकणार असेल, तर पुण्या-दिल्लीचं नाव का नाही निवडणार? नाशिकचं मुक्त विद्यापीठ १९८९ पासून दूरशिक्षण देतं, तेही गावोगावच्या अभ्यासकेंद्रांच्या आधारानं. म्हणजे जवळ माणूस लागतोच. तोच खर्च वाचवायला ऑनलाइन पदवी काढली, तर मुलांनी आपल्याकडेच का यावं? याचं उत्तर आधी द्या, मग अंदाजपत्रक मांडा.