नऊ गाऱ्हाणी आणि राजाची मर्जी

मिसरचा राजा म्हटले की आपल्यापुढे उभा राहतो तो फिरऔन. हजरत मूसांना छळणारा, स्वतःला रब म्हणवणारा. ते साहजिकच आहे. परंतु कुरआनातच सूरह यूसुफमधील मिसरच्या राजाला 'मलिक' म्हटले आहे, फिरऔन नव्हे. तेव्हा तीन हजार वर्षांच्या राजवटी एकाच साच्यात बसवणे बरोबर नाही. त्या समाजाने सत्तेविषयी स्वतः काय लिहून ठेवले, तेही वाचले पाहिजे. म्हणून येथे आम्ही सुमारे ३८०० वर्षांपूर्वीच्या एका कथेचा विचार करीत आहोत. 'वाक्पटू शेतकरी' या नावाने ती ओळखली जाते. तिच्या पपायरसवरील हस्तलिखित प्रती बर्लिन व लंडनच्या संग्रहालयांत आहेत.

खुनानुप हा खाऱ्या, ओसाड मुलखातला गरीब माणूस. मुलाबाळांसाठी धान्य आणायला तो गाढवांवर मीठ, खार, कातडी लादून निघतो. वाटेत नेम्तीनख्त त्याला अडवतो. हा रेन्सी या बड्या कारभाऱ्याच्या हाताखालचा माणूस. तो अरुंद वाटेवर मुद्दाम कापड अंथरतो. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला जवाचे शेत. एक गाढव जवाचा घास घेते, आणि तेवढ्या निमित्ताने सारी गाढवे बळकावली जातात. वर मारही मिळतो. दहा दिवसांच्या विनवण्या वाया गेल्यावर खुनानुप रेन्सीकडे दाद मागतो. इतर अधिकाऱ्यांना प्रकरण किरकोळ वाटते. रेन्सी मात्र त्याच्या वाणीने थक्क होतो आणि राजा नेबकाउरेला कळवतो.

राजाचा हुकूम विलक्षण आहे. त्याला उत्तर देऊ नका, म्हणजे तो बोलत राहील. त्याचे बोलणे लिहून माझ्याकडे पाठवा. त्याच्या बायकामुलांना धान्य द्या, त्यालाही भाकरी द्या, पण देणारा कोण हे कळू देऊ नका. या हुकुमामुळे खुनानुपला नऊ वेळा गाऱ्हाणे मांडावे लागते. तिसऱ्यानंतर त्याला चाबकाने झोडपतात. नवव्यात तो मृतांचा देव अनुबिस याच्याकडे तक्रार नेण्याची भाषा करतो. म्हणजे आता मरणाच्या दारीच न्याय, अशी त्याची खात्री झालेली असते.

मिसरी श्रद्धेत 'मआत' म्हणजे सत्य, न्याय आणि सृष्टीची घडी. ती राखणे हे राजाचे पहिले कर्तव्य. मेल्यावर माणसाचे हृदय मआतच्या पिसाशी तोलले जाई, ही कल्पना पुढे रूढ झाली. खुनानुप कारभाऱ्याला तराजूचीच उपमा देतो आणि तराजूच खोटा झाला तर मापाचे काय, असा सवाल करतो. सत्ताधाऱ्यांच्याच धर्मतत्त्वाने तो त्यांना धारेवर धरतो. या कथेचे खरे बळ आम्हाला येथे दिसते.

शेवटी गाऱ्हाणी लेखी स्वरूपात राजापुढे जातात, राजा प्रसन्न होतो, आणि नेम्तीनख्तची मालमत्ता खुनानुपला मिळते. यावरून अनेकजण म्हणतात की गरिबाचा आवाजही तेथे राजापर्यंत पोहोचत असे. आम्हाला हे अर्धेच पटते. आवाज पोहोचला तो पहिल्याच दिवशी. पुढची आठ गाऱ्हाणी न्यायासाठी लागलीच नाहीत. ती लागली राजाच्या कानांच्या सुखासाठी. अन्न मिळत होते, पण हक्क नव्हता. आणि जो असा बोलू शकत नव्हता, त्याच्या गाढवांचे काय झाले असते? कथा हा प्रश्न विचारीत नाही, पण आपल्याला विचारायला भाग पाडते.

तरीही कथेच्या अनामिक लेखकाचे श्रेय मान्य केले पाहिजे. चाबूक त्याने लपवला नाही. ज्या लेखनिकांनी ही कथा उतरवून घेतली ते स्वतः सरकारी नोकरीतले होते, आणि तरी अधिकाऱ्यांवरचे एवढे कठोर बोल त्यांनी जपले. १९७० साली मिसरचेच दिग्दर्शक शादी अब्दुस्सलाम यांनी या कथेवर लघुपट केला, तो उगाच नव्हे.

आम्ही लिहिणाऱ्यांनी यातून एक गोष्ट घ्यावी. पीडिताच्या शब्दांचे कौतुक करणे सत्तेला जड जात नाही. व्यासपीठ मिळते, शाल मिळते, भाषेची वाहवा होते. अशा वेळी दाद देणाऱ्याला साधा प्रश्न विचारावा: गाढवे परत कधी देणार?